मौक्यावर जागा रिकामी आढळली

पस्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर मागे वळून पाहताना एक गोष्ट मला फार जाणवते. आपल्या प्रशासनाचे जेवढे नुकसान लाचखोरीने केले आहे, त्याच्या खालोखाल ते तयार वाक्यांनी केले आहे. 'मौका पाहिला, वाद नाही.' 'अर्जदाराचे म्हणणे नियमानुसार योग्य आढळले.' 'मौक्यावर जागा रिकामी आढळली.' नवा अधिकारी नोकरीत येतो तेव्हा ही वाक्ये त्याला कोणी शिकवत नाही. जुन्या फायली वाचता वाचता ती त्याच्या हातात उतरतात. पुढे तो मौक्यावर जातो तेव्हा डोळ्यांनी पाहतो ते वेगळे आणि हात लिहितो ते वेगळे, असे होऊ लागते. त्याचे त्यालाही ते कळत नाही.

असे एक वाक्य मी जबलपूरच्या सराफ्यात लिहिले होते. त्याची ही हकिकत.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांना जबलपूरच्या मराठी माणसांबद्दल फार सांगायला नको. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये हा मुलूख घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. पण मराठी माणूस तिथे टिकला. पुढे रेल्वे, १९०४ मध्ये निघालेला तोफगाड्यांचा कारखाना, कचेऱ्या, शाळा, आणि १९५६ नंतर हायकोर्ट, यांच्या निमित्ताने तो येतच राहिला. माझे आजोबा असेच कारकुनीसाठी आले आणि सराफ्यामागच्या एका बोळात भाड्याने राहिले. त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ १९३९ मध्ये उभारलेल्या कमानिया गेटापासून ते घर चालत काही मिनिटांवर. खाली सोनारकाम, वर बिऱ्हाडे, आणि बोळ इतका अरुंद की समोरून सायकल आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचे. पहाटे झारेकरी, ज्यांना तिकडे न्यारिये म्हणतात, ते दुकानांसमोरची धूळ झाडून नेत. त्या धुळीत सोन्याचे कण असतात हे मला आजोबांनी दाखवले होते.

या बोळाच्या टोकाला एक खासगी शाळा होती. एका जुन्या वाड्यात ती भरत असे. माझी अक्षरओळख तिथेच झाली. शाळेला लागून एक बाडा होता. बाडा म्हणजे कुंपणाची मोकळी जागा. त्यात एक विहीर, एक कडुनिंब आणि बाकी माती. मूळ मालकाचे वारस दुसऱ्या गावी राहत. आम्ही मधल्या सुट्टीत तिथे खेळत असू.

वर्षे गेली. मी मध्य प्रदेशच्या राज्य सेवेत लागलो, बदल्या होत गेल्या आणि या शतकाच्या पहिल्या दशकात उपजिल्हाधिकारी म्हणून जबलपुरात आलो. माझ्याकडे नजूलचे काम होते. शहरातल्या सरकारी मालकीच्या आणि पट्ट्याच्या जमिनींना तिकडे नजूल म्हणतात. एक दिवस एक फाईल आली. माझ्याच शाळेने वारसांकडून तो बाडा घेतला होता आणि तिथे तीन मजली इमारत बांधायची होती. शहराच्या विकास योजनेत मात्र ती जागा 'आमोद-प्रमोद' या उपयोगात दाखवली होती. संस्थेने ती 'सार्वजनिक-अर्धसार्वजनिक' करून मागितली होती.

इथे कायद्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात आपण आरक्षण, फेरबदल, एन.ए. हे शब्द वापरतो. मध्य प्रदेशात शेतजमिनीच्या एन.ए.ला डायव्हर्शन म्हणतात आणि ते १९५९ च्या भू-राजस्व संहितेखाली होते. पण शहराच्या योजनेतला उपयोग बदलायचा तर तो विषय नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ याचा. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात किरकोळ फेरबदलासाठी जसे कलम ३७ आहे, तसे तिकडे कलम २३-क आहे. त्यानुसार फेरबदलाचा मसुदा दोन दैनिकांत लागोपाठ दोन दिवस छापायचा, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात लावायची, पंधरा दिवसांत हरकती व सूचना घ्यायच्या आणि सुनावणी द्यायची. निर्णय राज्य शासनाचा. जिल्ह्याने फक्त आपले मत कळवायचे. ते मत तयार करण्यासाठी जागेची पाहणी करून अहवाल देणे, एवढेच माझे काम.

मी जिल्हाधिकाऱ्यांना तोंडी सांगितले की ही माझी शाळा आहे. ते म्हणाले, मग तर बरेच झाले, तुम्हाला तो भाग माहीत आहे. मला बरे वाटले. ही गोष्ट फाईलवर लेखी नोंदवायला हवी होती, हे मला त्या वेळी सुचले नाही. आज सुचते.

पाहणीला मी सकाळी अकराच्या सुमारास गेलो. बरोबर पटवारी आणि मोजणीदार. मुख्याध्यापक दारातच उभे होते. हे माझे गणिताचे सर. निवृत्तीनंतरही संस्था त्यांनीच धरून ठेवली होती. त्यांनी मला वर्ग दाखवले. एका बाकावर चार-चार मुले. १९९७ च्या भूकंपात एका भिंतीला गेलेली चीर बुजवलेली होती, पण दिसत होती. जिना एकच, आणि तोही लाकडी. सर म्हणाले, "अरे, तू बसायचास त्या खोलीत आता साठ मुलं बसतात. सराफ्यातल्या कारागिरांची मुलं आहेत ही. यांना इथून उठवून मी कुठं पाठवू?"

ते खरेच होते. पुढे १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुले मेली, तेव्हा मला पहिल्यांदा तो लाकडी जिना आठवला. त्या दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. सर हेच मला आपल्या भाषेत आधीच सांगत होते.

मग आम्ही बाड्यात गेलो. विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली. कडुनिंब तसाच. उन्हात एक कुत्रा झोपलेला. माणूस एकही नाही. मोजणीदाराने फीत धरली, नऊशे चौरस मीटरच्या आसपास भरली. पटवाऱ्याने पंचनामा लिहिला. कचेरीत येऊन मी अहवाल लिहिला : जागा संस्थेच्या मालकीची, अतिक्रमण नाही, मौक्यावर रिकामी आढळली, प्रस्ताव शैक्षणिक हिताचा असल्याने शिफारस करण्यात येते. दीड पान. सही केली आणि एक चांगले काम हातून झाल्याच्या समाधानात घरी गेलो.

नोटीस वर्तमानपत्रात आली. शीट क्रमांक, प्लॉट क्रमांक, रकबा ०.०९ हेक्टर, वर्तमान उपयोग, प्रस्तावित उपयोग. मोहल्ल्यातल्या लोकांनी ती वाचली असती तरी आपल्याच बाड्याबद्दल ती आहे हे त्यांना कळले नसते. पण एका सोनाराचा मुलगा वकिली शिकत होता. त्याला कळले. पंधरा दिवसांत बावीस हरकती आल्या.

सुनावणीला मीही हजर होतो. बहुतेकांचे म्हणणे नेहमीचे : बोळात गर्दी होईल, रिक्षा लागतील, नाली तुंबेल. संस्थेच्या वकिलांनी प्रत्येकाला उत्तर दिले आणि शेवटी माझा अहवाल वाचून दाखवला. त्यातले 'मौक्यावर जागा रिकामी' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. सोनार कुटुंबातली, डोक्यावर पदर, हातात घडी घातलेला अर्ज. अर्ज तिने दिलाच नाही. एवढेच म्हणाली, "साहब, खाली नहीं है. खाली तो हमने रखी है."

दोन-चार लोक हसले. मला मात्र हसू आले नाही. का ते मला त्या क्षणी सांगता आले नसते.

संध्याकाळी मी आत्याकडे गेलो. आजोबांच्या त्याच बिऱ्हाडात ती अजून राहत होती. तिला विचारले, बाडा आम्ही रिकामा ठेवला म्हणजे काय? आत्या माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "तू तेव्हा बस्तरात होतास ना, तुला काय माहीत! भूकंपाच्या रात्री आम्ही गेलो कुठं होतो?"

२२ मे १९९७. रात्रीचा सव्वा वाजून गेलेला. उन्हाळा, म्हणून निम्मा मोहल्ला गच्च्यांवर झोपलेला. जमीन हलली तेव्हा लोक अंधारात जिने उतरून बोळात आले, आणि बोळात वरून विटा आणि कवले पडत होती. ५.८ तीव्रतेच्या त्या भूकंपात जबलपूर आणि भोवतालच्या भागात सुमारे चाळीस माणसे गेली. सराफ्यामागच्या त्या बोळातले सगळे लोक बाड्यात धावले. तेवढीच एक जागा अशी होती की जिथे डोक्यावर काही पडणार नव्हते. पुन्हा धक्का बसेल या भीतीने पुढच्या आठ रात्री ते तिथेच झोपले. आत्याही.

"त्यानंतर सगळ्यांनी ठरवलं," आत्या सांगत होती, "की बाड्यात कुणी हातगाडी लावायची नाही, मलबा टाकायचा नाही, टपरी घालायची नाही. कुणी घातलीच तर उठवायची. विहिरीवर जाळी वर्गणीतून बसवली. तू म्हणतोस रिकामी! अरे, सराफ्यात हातभर जागा कधी आपोआप रिकामी राहते का?"

त्या वाक्याने माझी झोप उडाली. सराफ्यात एका ओट्यावर तीन कारागीर बसतात. अशा ठिकाणी नऊशे मीटर माती इतकी वर्षे मोकळी राहते आणि अतिक्रमण 'नाही' असते, याचे कारण शोधणे हेच पाहणीचे काम होते. मी अतिक्रमण नाही हे लिहिले, पण का नाही हे विचारले नाही. सकाळी अकराला गेलो, जेव्हा मुले वर्गात, बायका घरकामात आणि पुरुष कामावर असतात. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी सहाला एकटा गेलो. तीस-चाळीस मुले खेळत होती. कडुनिंबाखाली बायका भाजी निवडत होत्या. एक लग्नाचा मांडव पडायचा होता त्याची बोलणी चालली होती.

मी पूरक अहवाल लिहिला. त्यात शिफारस बदलली असे म्हणता येणार नाही. मी एवढेच केले की दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. शाळेची इमारत धोक्याची आहे, तिला जागेची खरी गरज आहे, आणि ही मुले याच मोहल्ल्यातली आहेत. दुसरीकडे, दाट वस्तीत संकटाच्या वेळी जमण्याची ही एकमेव जागा आहे, तिचा असा उपयोग १९९७ मध्ये झालेला आहे आणि रोजचाही उपयोग आहे. अग्निशामक गाडी बोळात येऊ शकत नाही. तीन मजले बांधले तर नव्या इमारतीतल्या मुलांनाही बाहेर पळायला जागा उरणार नाही. मी ज्या शाळेत शिकलो ती हीच, हेही लिहिले. 'रिकामी' हा शब्द खोडला.

वरिष्ठ नाराज झाले. पहिल्या अहवालावर सही तुमचीच आहे, मग कोणता खरा, असे मला लेखी विचारण्यात आले. मी लिहिले, दोन्ही माझेच, पहिल्यात मी अर्धे पाहिले होते. हे स्पष्टीकरण माझ्या सेवेच्या नोंदीत आजही असेल.

सर घरी आले. खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आपला माणूस खुर्चीत आहे म्हणून मी संस्थेला हा खर्च करायला लावला. तू मुलांच्या तोंडचं काढून घेतलंस." मी म्हणालो, सर, निर्णय माझा नाही, मी फक्त दिसलं ते लिहिलं. ते म्हणाले, "तसं तर सगळेच म्हणतात." त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळात माझ्याशी बरेच लोक बोलले नाहीत. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला 'आपला माणूस' या दोन शब्दांचे वजन किती असते, ते वेगळे सांगायला नको.

अशा पेचात न्यायालयाने काय म्हटले आहे, हे मी तेव्हा शोधून वाचले. बंगलोरच्या राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नाही, हे न्यायालयालाही ठाऊक होते. मुद्दा असा होता की उद्यान सगळ्यांचे असते आणि त्याच्या जागी दुसरी चांगली गोष्ट आणली म्हणून पहिली गेल्याची भरपाई होत नाही. शहराच्या योजनेत मोकळी ठेवलेली जागा म्हणजे पुढे कशासाठी तरी वापरता येईल अशी शिल्लक नव्हे. मोकळे असणे हाच तिचा उपयोग.

प्रस्ताव मंजूर झाला नाही. संस्थेने शहराबाहेर आठ-नऊ किलोमीटरवर शेतजमीन घेतली, तिचे डायव्हर्शन झाले आणि नववीपासूनचे वर्ग तिकडे गेले. लहान वर्ग वाड्यातच राहिले, भिंत मजबूत करून आणि लोखंडी जिना बसवून.

ही हकिकत इथे संपली असती तर तिला एक समाधानाचा शेवट मिळाला असता. पण आत्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईची मुलगी त्या शाळेत होती. हुशार होती. आठवीनंतर तिचे नाव काढले. रोज दोन बस बदलून तिला एवढ्या लांब पाठवायला घरचे तयार नव्हते. आत्याने मला हे फोनवर सांगितले, कसलाही ठपका न ठेवता. अशा आणखी किती मुली असतील ते मी विचारले नाही. सर म्हणाले होते ते सगळेच खोटे नव्हते.

पुढे कधीतरी माझ्या लक्षात आले की त्या बोळापासून पाच मिनिटांवर एक सरकारी इमारत होती, तिचा वरचा मजला कुलूपबंद असे. नववी-दहावीचे वर्ग तिथे भाड्याने भरवता आले असते. ते कुणाला सुचले नाही, कारण ती इमारत दुसऱ्या खात्याची आणि आमच्या फाईलमध्ये प्रश्न एवढाच होता की या प्लॉटचा उपयोग बदलायचा की नाही. हो किंवा नाही. फाईल जो प्रश्न विचारते तेवढेच उत्तर आपण शोधतो. ही चूकही माझीच धरतो, कारण तो भाग मला माहीत आहे म्हणूनच काम माझ्याकडे दिले होते.

आता निवृत्तीनंतर नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायचा प्रसंग आला की मी हीच हकिकत सांगतो आणि तीन गोष्टी सुचवतो. पाहणी एकदा कचेरीच्या वेळेत आणि एकदा संध्याकाळी करावी. अहवालात 'रिकामी' हा शब्द लिहायचा असेल तर पुढच्या ओळीत ती कोणी आणि का रिकामी ठेवली हे लिहावे, आणि ते कळले नसेल तर शब्द लिहू नये. आणि नोटीस वर्तमानपत्राबरोबर त्या जागेच्या दारावर, लोकांच्या बोलीत लावावी : इथे असे होणार आहे, तुमचे म्हणणे अमुक तारखेपर्यंत सांगा. या तिन्हींना कायद्यात बदल लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही.

तरुण अधिकारी म्हणतात, सर, आता उपग्रहाचे नकाशे आहेत, मौक्यावर जायची गरज कमी झाली. नकाशे उत्तम आहेत, मीही ते पाहतो. परवा नातवाने मला संगणकावर तो बोळ शोधून दिला. छपरांच्या दाटीत एक मातकट चौकोन आणि त्यात हिरवा ठिपका, तो कडुनिंब. वरून पाहणाऱ्याला ती जागा आजही रिकामीच दिसेल.

सर जाऊन आता बरीच वर्षे झाली. शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्या विषयावर आम्ही बोललो नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "बाड्यात मुलं खेळतात का रे अजून?" मी म्हणालो, खेळतात. आणि ते खरे असल्याची खात्री करून घ्यायला त्याच संध्याकाळी सराफ्यात जाऊन आलो.